शाळा-कॉलेजच्या लॅबसाठी स्वस्तातले कार्बन इलेक्ट्रोड कसे बनवायचे

बारावीच्या मुलांना इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकवायची म्हटलं की पहिली अडचण इलेक्ट्रोडपाशीच येते, म्हणजे द्रावणात वीज पोचवणाऱ्या टोकापाशी. ग्लासी कार्बनचा (काचेसारखा गुळगुळीत, छिद्रं नसलेला कार्बन) तयार इलेक्ट्रोड हजारो रुपयांचा, तो एखाद्या कॉलेजात असलाच तर कपाटात कुलपात, आणि मुलं मग फळ्यावरची आकृतीच वहीत उतरवून घेतात. आम्हा बडोदेकरांना तर हे जास्तच लागतं, कारण इथे रणोलीला कॉस्टिक-क्लोरीनचा एवढा मोठा कारखाना आहे, वर्गातल्या कितीतरी मुलांचे काका-मामा केमिकल कंपन्यांत शिफ्ट करतात, मिठाच्या पाण्यातून करंट सोडला की कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन मिळतो हे त्यांनी घरीच ऐकलेलं असतं, पण स्वतःच्या हाताने दोन कार्बनच्या कांड्या पाण्यात धरून काय होतं ते बघितलेलं नसतं. आणि ते बघायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

आधी मुद्द्याची गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. कार्बनची कांडी मिळवणं सोपंय, ती म्हणजे अजून इलेक्ट्रोड नाही. कांडीचा नेमका किती भाग द्रावणाला उघडा आहे आणि वायरचा जोड द्रावणापासून पूर्ण सुटा आहे का, ह्या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की तो इलेक्ट्रोड. बरेच जण कांडीला क्लिप लावून सरळ पाण्यात बुडवतात, रंग बदलून दाखवायचा असेल तर तेवढ्याने भागतं, पण आकडे घ्यायचे असतील तर अजिबात चालत नाही. साधा हिशोब करून बघा. २ मिमी जाडीच्या शिशाचं फक्त टोक उघडं असेल तर क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस सेंमी. तेच शिसं बाजूने १ सेंमी उघडं राहिलं तर त्या बाजूचंच क्षेत्रफळ ०.६२८ चौरस सेंमी, म्हणजे वीसपट. आणि कोटिंगच्या आत पाणी नुसतं १ मिमी वर चढलं तरी एकूण एरिया तिप्पट होतो. मुलांना वाटतं आपलं सूत्र चुकलं, आणि सूत्र बिचारं बरोबरच असतं.

आता कार्बन कुठून आणायचा. सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे क्लच पेन्सिलचं २ मिमीचं शिसं, ड्रॉइंगचं सामान ठेवणाऱ्या कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे, रावपुऱ्यात दांडिया बझारात विचारा, डबीत मिळतं. शिसं म्हणतो पण त्यात शिसं हा धातू अजिबात नसतो हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र भाजलेली असते आणि ही पद्धत १७९५ सालची, फ्रान्समधल्या काँतेची. बी, टूबी अशा मऊ नंबरात ग्रॅफाइट जास्त आणि माती कमी, एच नंबरात उलटं, त्यामुळे आपल्याला एचबी ते टूबी बरं पडतं. त्याहून मऊ घेतलं तर पॉलिश करताना कडा तुटतात. घेतल्यावर मल्टिमीटरने दोन टोकांमधला रेझिस्टन्स बघा, काही ओहम आला तर मस्त, शेकड्यात गेला तर ते शिसं बाजूला ठेवा. रंगीत पेन्सिलच्या शिशातून करंट जातच नाही, एखादा विद्यार्थी हमखास घेऊन येतो, त्यालाच मल्टिमीटर हातात द्या म्हणजे कारण त्याचं त्यालाच कळेल.

दुसरा मार्ग जुन्या सेलमधली कांडी. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल किंवा टॉर्चमधला मोठा सेल, पण फक्त साधा झिंक-कार्बनवालाच. अल्कलाइन सेलमध्ये कार्बनची कांडी नसतेच आणि आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, तो कापायचा नाही, आणि मोबाइलची किंवा कुठलीही लिथियम बॅटरी तर उघडायचा विचारही करायचा नाही, आग लागते. हातमोजे घाला, खाली पेपर अंथरा, वरची पितळी टोपी पकडीने काढा आणि कांडी हळूहळू पिळत बाहेर ओढा. पेन्सिल सेलमधली कांडी साधारण ४ मिमी जाडीची, मोठ्या सेलमधली ८ मिमीच्या आसपास. काळा लगदा निघतो तो मँगनीज डायॉक्साइड, हातापायाला लागला की दोन दिवस डाग जात नाही. तो पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या, बेसिनमध्ये टाकू नका.

तिसरा मार्ग मला स्वतःला फार आवडतो आणि तो आपल्यासारख्या कारखान्यांच्या गावातच सुचू शकतो. मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) बाजूला वेल्डिंगचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथे गाउजिंग रॉड मागा. वेल्डर लोक जुनं वेल्डिंग खरवडून काढायला वापरतात त्या कार्बनच्या कांड्या, फूटभर लांब, वरून तांब्याचा पातळ थर. एका कांडीचे तीन-चार इलेक्ट्रोड होतात, आणि ह्यात एक मोठी सोय अशी की तांब्याचा थर वरच्या टोकाला तसाच ठेवला तर वायर सरळ सोल्डर करता येते. नुसत्या ग्रॅफाइटला सोल्डर चिकटतच नाही, हे ज्याने करून बघितलंय त्याला माहितीय. खालच्या बाजूचं तांबं मात्र कणभरही राहता कामा नये, कारण ते द्रावणात विरघळतं आणि करंटच्या आलेखात स्वतःचेच पीक, म्हणजे टोकदार उंचवटे, दाखवायला लागतं. ते काढायला काचपेपरच वापरा. काही जण सर्किट बोर्डवाल्यांचं फेरिक क्लोराइड वापरतात, पण कांडीला बारीक छिद्रं असतात, त्यात लोह जाऊन बसतं आणि कितीही धुतलं तरी मागे राहतं.

छिद्रांचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघू, कारण अर्धी भानगड इथेच असते. सेलची कांडी काय नि गाउजिंग रॉड काय, आतून सच्छिद्र असतात, सेल बनवणारे त्यात मेण भरतात ते ह्याचसाठी. आपण कांडी स्वच्छ करायला पाण्यात उकळतो, आणि उकळायलाच हवी नाहीतर आतला अमोनियम क्लोराइड निघत नाही, पण त्याबरोबर थोडं मेणही निघून जातं. मग ती कांडी द्रावण पिते. करंट येतो पण तो नुसता चार्जिंगचा, म्हणजे पृष्ठभागावर चार्ज साठण्याचा, रासायनिक क्रियेचा नाही, आणि आधीच्या प्रयोगातलं द्रावण पुढच्या प्रयोगात हळूहळू बाहेर पडत राहतं. ह्याला उपाय म्हणजे परत मेण भरणं. कांडी दोन-तीनदा ताजं पाणी घेऊन उकळा, मग उन्हात किंवा ओव्हनमध्ये अगदी कोरडी करा, पावसाळ्यात ह्याला जास्त वेळ द्यावा लागतो. मेणबत्तीचं साधं पांढरं मेण एका छोट्या डब्यात घ्या, तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, सरळ गॅसवर मेण कधीच वितळवू नका, पेट घेतं. वितळलेल्या मेणात कांडी सोडली की तिच्या अंगातून बारीक बारीक बुडबुडे यायला लागतात, ती आतली हवा. बुडबुडे थांबेपर्यंत तशीच राहू द्या, मग बाहेर काढून गरम असतानाच कपड्याने पुसून घ्या. थंड झाल्यावर फक्त खालचं टोक पॉलिश करायचं म्हणजे तेवढाच कार्बन उघडा पडतो. मेणाचा थर अंगावर आहेच, पण त्यावर अवलंबून राहू नका, बाजूने वेगळं इन्सुलेशन लागतंच.

आता इन्सुलेशन आणि जोड. २ मिमीच्या शिशाला क्रोकोडाइल क्लिप लावली की ते तडकतं, त्यामुळे वर अनेक तारांची मऊ कॉपर वायर घट्ट गुंडाळा आणि त्यावर हीट श्रिंक ट्यूब चढवून गरम करा. ह्याहून सोपं म्हणजे क्लच पेन्सिलच होल्डर म्हणून वापरायची, तिचा धातूचा जबडा शिसं आवळून धरतो, क्लिप त्या धातूला लावायची आणि पेन्सिल द्रावणाच्या वर राहील असं स्टँडला बांधायचं. लाकडी पेन्सिल दोन्ही बाजूंनी सोलून वापरायचा प्रकार फार दिसतो, पण लाकूड पाणी शोषतं आणि लाकूड-शिशाच्या फटीतून द्रावण वर चढतं, त्यामुळे आकडे घ्यायचे असतील तर ती नकोच.

शिशाच्या बाजूला सगळ्यात स्वस्त कोटिंग म्हणजे नेलपॉलिश. पातळ थर द्या, पूर्ण सुकू द्या, परत द्या, असे तीन थर. एकदम जाड थर दिला तर आत बुडबुडा राहतो आणि नेमका तिथूनच पाणी शिरतं. नेलपॉलिशवाला इलेक्ट्रोड अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने पुसायचा नाही, कोटिंग विरघळतं. जास्त टिकाऊ हवा असेल तर १ मिलीची सिरिंज घ्या, सुई लावायचं पुढचं टोक ब्लेडने सरळ कापून टाका, शिसं मधोमध धरा आणि बाजूने अरल्डाइट भरा. रात्रभर उभं ठेवून वाळू द्या. घट्ट झालं की पुढचं टोक काचपेपरवर घासा, पांढुरक्या गोलात मधे एक काळा ठिपका दिसायला लागतो, तो ठिपका म्हणजे तुमचा इलेक्ट्रोड, आणि त्याचा व्यास शिशाइतकाच २ मिमी. हा नुसता दिसला तरी वर्गात एरिया म्हणजे काय हे परत समजावून सांगावं लागत नाही. नुसती हीट श्रिंक ट्यूब मात्र पुरत नाही, तिच्या आतून केशाकर्षणाने पाणी चढतं, आधी नेलपॉलिशचा थर आणि मग वर ट्यूब असं करा.

पॉलिशला घाई करू नका. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने ओला करून काचेवर ठेवा, इलेक्ट्रोड अगदी उभा धरा, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवा. मग ८००, मग १५०० किंवा २०००, आणि शेवटी साध्या झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर आरशासारखी चमक येईपर्यंत. तिरका धरला तर गोल टोकाचं अंडाकार होतं आणि एरियाचा आकडा परत बिघडतो. प्रत्येक पेपरनंतर वॉशबॉटलने जोरात धुवा, नाहीतर आधीच्या पेपरचे कण पुढच्यात ओरखडे पाडतात.

तयार झाला की टेस्ट. ज्यांच्याकडे पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज ठरावीक वेगाने बदलत, म्हणजे स्कॅन करत, करंट मोजणारं यंत्र) आहे त्यांनी १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ०.७५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घालावं, आधी त्या कोऱ्या द्रावणातच एकदा स्कॅन घ्यावा, तिथे सपाट रेघ यायला पाहिजे, काही टेकाड दिसलं तर इलेक्ट्रोडमध्ये घाण किंवा तांबं आहे. मग त्यात ०.१६५ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, म्हणजे ५ मिलीमोलार. ५० मिलीव्होल्ट प्रति सेकंद वेगाने २ मिमीच्या टोकावर पीक करंट साधारण २६ मायक्रोअँपिअर यायला हवा, रँडल्स-सेव्हचिकच्या समीकरणात (पीक करंटचं एरिया, द्रावणाची तीव्रता आणि स्कॅनचा वेग ह्यांच्याशी नातं सांगणारं) आकडे घालून मुलांकडूनच काढून घ्या. ६०-७० आला तर समजा कोटिंग गळतंय. खूप कमी आला तर पॉलिश नीट नाही किंवा टोकावर मेण पसरलंय. दोन पीकमधलं अंतर आदर्श ५९ मिलीव्होल्ट असतं, पेन्सिलवर ते जास्तच येतं, १०० च्या आसपास आलं तरी शिकवायला उत्तम, आणि ते जास्त का येतं ही चर्चा तर आदर्श आकड्यापेक्षाही कामाची. फेरिसायनाइड नेहमीच्या हाताळणीत ठीक आहे पण त्यात तीव्र अ‍ॅसिड कधीही घालायचं नाही आणि तापवायचं नाही, हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो, ही सूचना फळ्यावर लिहूनच ठेवा. पोटेन्शिओस्टॅट नसेल तरी निराश होऊ नका, चीपस्टॅट नावाचं एक खुलं डिझाइन २०११ मध्येच प्रसिद्ध झालंय, कोणीही बनवू शकतो, शिवाय आर्डुइनोवर (प्रोग्रॅम घालता येतो असा छोटा सर्किट बोर्ड) चालणारीही आहेत, इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी गाठा, हौसेने करून देतो.

रेफरन्स इलेक्ट्रोडही, म्हणजे ज्याच्या मानाने व्होल्टेज मोजायचं तो स्थिर इलेक्ट्रोड, इथेच होतो. मांडवीत सराफाकडून चोख चांदीची बोटभर तार आणा, काचपेपरने घासा, कपडे धुवायच्या ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवा, काळपट करडा थर आला की तो सिल्व्हर क्लोराइड. ही तार एका ड्रॉपरच्या नळीत ३ मोलार पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायची, म्हणजे १०० मिलीत २२.४ ग्रॅम, आणि खाली अगर-अगरचं बूच. हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मानाने ह्याचं पोटेन्शियल साधारण ०.२१ व्होल्ट. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र यायला नको, क्लोरीन सुटतो.

कार्बन पेस्टचा इलेक्ट्रोड थोडक्यात सांगतो. ही युक्ती अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या राल्फ अ‍ॅडम्सची, १९५८ ची. ०.७ ग्रॅम बारीक ग्रॅफाइट पावडर आणि ०.३ ग्रॅम लिक्विड पॅराफिन, जे औषधाच्या दुकानात मिळतं, खलबत्त्यात चांगलं घोटा, पेस्ट कणकेसारखी घट्ट व्हायला हवी. टोक कापलेल्या १ मिलीच्या सिरिंजमध्ये दाबून भरा, मागून तांब्याची तार खुपसा, तार पेस्टच्या बाहेर पुढे डोकावता कामा नये. पृष्ठभाग खराब झाला की दट्ट्या जरासा पुढे ढकला, वरची चकती कागदावर घासून काढा, नवा इलेक्ट्रोड तयार. एका तासात वर्गातल्या प्रत्येकाला ताजा पृष्ठभाग मिळतो, हे दुसऱ्या कशात होत नाही. फक्त अल्कोहोलसारख्या सॉल्व्हंटमध्ये घालू नका, तेल निघून जातं.

पोटेन्शिओस्टॅटशिवायचे प्रयोग म्हणाल तर ९ व्होल्टची बॅटरी आणि एक उथळ काचेची बशी पुरे. पोटॅशियम आयोडाइडच्या पातळ द्रावणात दोन थेंब फिनॉल्फथॅलिन टाका आणि दोन कांड्या समोरासमोर धरा. अ‍ॅनोडपाशी (बॅटरीच्या प्लसला जोडलेली कांडी) तपकिरी ढग, कॅथोडपाशी (मायनसची कांडी) गुलाबी, आणि अ‍ॅनोडच्या बाजूला भाताची पेज टाकली की निळं-काळं. फिनॉल्फथॅलिन नसेल तर हळद वापरा, सोडियम सल्फेटच्या द्रावणात हळदीचं पाणी घातलं की कॅथोडभोवती लालसर होतं. मिठाचं पाणी घेतलं तर क्लोरीन येतो, त्यामुळे थोडाच वेळ, खिडकीपाशी, आणि बशीवर नाक धरू नका. मुलं स्टीलचे चमचे घेऊन येतात, ते मात्र नको, स्टेनलेस स्टीलचा अ‍ॅनोड मिठाच्या पाण्यात झिजतो आणि क्रोमियम द्रावणात येतं, त्यातलं काही विषारी सहा व्हॅलन्सीचं असतं.

फॅराडेचा नियम, म्हणजे जितका चार्ज सोडाल त्या प्रमाणात धातू बसतो हा, दाखवायचा तर मेण भरलेली जाड कांडी कॅथोड करा, कॉपर सल्फेटचं द्रावण, तांब्याची पट्टी अ‍ॅनोड, ५० मिलीअँपिअर, ४० मिनिटं. १२० कूलॉम होतात, त्याला सुमारे ४० मिलीग्रॅम तांबं बसायला हवं. चांगला मिलीग्रॅमचा काटा हवा, आणि कांडी तोलायच्या आधी प्रत्येक वेळी तितकीच कोरडी हवी. मेण न भरलेली कांडी घेतली तर ती द्रावण पिऊन जास्त वजन दाखवते आणि मुलं फॅराडेला दोष देतात. मी हा प्रयोग मुद्दाम दोन्ही कांड्यांनी करायला सांगतो, फरक दिसला की सच्छिद्रता कायमची डोक्यात बसते.

जास्त व्होल्टेजवर अ‍ॅनोडमधून काळी पावडर गळायला लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिथे ऑक्सिजन तयार होतो आणि तोच कार्बनला खातो, थोडा कार्बन डायॉक्साइड होऊन जातो, थोडा कणाकणाने सुटतो. क्लोरीनच्या कारखान्यांतही पूर्वी ग्रॅफाइटचेच अ‍ॅनोड असायचे, ते असेच झिजायचे, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर वाढायचं आणि वीज जास्त लागायची, म्हणून पुढे रुथेनियम ऑक्साइडचा थर दिलेले टायटॅनियमचे अ‍ॅनोड आले. ज्या मुलाचे काका अशा कारखान्यात आहेत त्याला विचारायला सांगा, बशीतली काळी पावडर आणि कारखान्यातला तो बदल एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत. वर्गात मात्र ऑक्सिजन सुटणारे प्रयोग सेलच्या किंवा गाउजिंगच्या जाड कांड्यांवर करा, पॉलिश केलेला पेन्सिलचा इलेक्ट्रोड त्यात घालून वाया घालवू नका.

वापरून झालं की इलेक्ट्रोड धुवून, टोक वर करून, रिकाम्या सिरिंजच्या वेष्टनात ठेवा आणि वर मार्करने लिहा कुठल्या कार्बनचा, किती व्यास, कधी पॉलिश केला आणि टेस्टला किती मायक्रोअँपिअर आले. कॉपर सल्फेटचं उरलेलं द्रावण बाटलीत परत भरून ठेवा, पुढच्या बॅचला तेच चालतं. फेरिसायनाइडची बाटली अ‍ॅसिडच्या कपाटापासून लांब, वेगळ्या फळीवर.